सरांनी ऐकलेलं माझं पान



'तू नेमकं काय करतेस गं?' असं काल रात्रीपासून मला सात जणींनी विचारलं. मी वेबपानाचा समोर दिसणारा भाग बनवते. एवढंच सांगून खाली बसणार होते. पण पहिल्या रांगेत आपले मराठीचे सर बसलेत आणि माझ्या कामातली एक मोठी चूक त्यांनीच पकडली आहे.

काही वर्षांपूर्वी मी शेतमालाचे बाजारभाव दाखवणारं पान बनवलं होतं. त्यात मिरचीही होती, म्हणून हौसेने सरांना लिंक पाठवली. काचबिंदूने सरांची नजर गेली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. नातवाने त्यांच्या संगणकावर 'एनव्हीडीए' बसवून दिलंय. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी घडवलेला हा मोफत प्रोग्राम पडद्यावरचं वाचून दाखवतो. दोन दिवसांनी सरांचा फोन आला. वर्गात कधी अहिराणी न बोललेले सर म्हणाले, "बेटा, आकडा ऐकू येतस, पन कसाना ते समजत नही."

मी डोळे मिटून माझंच पान ऐकलं. नुसती आकड्यांची रांग! आवक कुठली, किमान भाव कुठला, कमाल कुठला, काही पत्ता नाही.

कारण सांगते. फेसबुकने 2013 साली खुलं केलेलं 'रिअॅक्ट' आम्ही वापरतो. त्यात पान छोट्या तुकड्यांतून जोडतात. तेव्हा नियम असा, की एका तुकड्याने एकच वस्तू परत द्यायची. मला तर शेजारशेजारचे दोन रकाने द्यायचे होते. मग त्यांच्याभोवती 'डिव्ह' नावाचा रिकामा डबा घालायचा. पण तक्त्याच्या ओळीत थेट रकानेच चालतात, डबा घातला की तक्ता विस्कटतो. तेव्हा आम्ही शहाण्यांनी तक्ताच काढून टाकला आणि सगळं डब्यांनी रचलं. रंग, रेघा अशा दिल्या की डोळ्याला तक्ताच वाटावा. वाचणाऱ्या यंत्राला मात्र तक्ता नाही, मथळे नाहीत, डब्यात डबा आणि त्यात आकडा.

2017 मध्ये रिअॅक्टमध्ये 'फ्रॅगमेंट' आलं. ते तुकडे एकत्र धरतं, पण पानावर स्वतःचं काही उमटवत नाही. म्हणजे इलाज हाताशी होता. पान छान दिसत होतं, म्हणून कोणी मागे वळून पाहिलं नाही. मीही नाही.

सरांच्या फोननंतर डबे काढले, खरा तक्ता आणि खरे मथळे घातले. आता रकान्यावर गेलं की आधी 'कमाल भाव' ऐकू येतं, मग आकडा. आणखी एक सापडलं: पानाच्या माथ्यावर भाषा 'इंग्रजी' लिहिलेली, आयत्या नमुन्यातून आलेली! ती 'मराठी' केली. त्याचा एक फायदा सरांना आवडेल. अक्षरसंचात सोय असेल, तर भाषा मराठी सांगितल्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. 2009 च्या शासन निर्णयातला तोच ल, तोच श. माझ्या वहीत सरांनी तो किती वेळा लाल शाईने गोल केलाय!

पान पुन्हा पाठवलं. सर म्हणाले, भाव कळले. पण तारीख बदलायच्या चित्रावर गेलं की ते फक्त 'बटण' म्हणतं, कशाचं ते सांगत नाही.

सर, ते अजून राहिलंय. सोमवारी पुण्याला पोचले की पहिलं तेच घेते.