लग्नघरचा मुका सोयरा

लग्न ठरले की घरात याद्या होऊ लागतात. आहेराची यादी, पंगतीची यादी, आमंत्रणांची यादी. रुसणाऱ्या मावशीचे नाव सर्वांत आधी लिहिले जाते. आणि मागल्या लग्नात मानपानावरून ज्या आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतले होते, त्यांचे लुगडे वेगळे काढून ठेवले जाते. अलीकडे या याद्यांत एक नवे नाव शिरू लागले आहे. ते घरातल्या कुत्र्याचे. नवऱ्या मुलीचा हट्ट असा की, मोत्या मांडवात हवाच. आजोबांचा आक्षेप असा की, शुभकार्यात कुत्रे कशाला? आणि ज्याच्यावरून हा वाद चाललेला असतो, तो उंबऱ्यावर पडून शेपटीने माशा हाकीत असतो.

सुरत शहराच्या दक्षिणेस भेस्तान आहे. मुंबईकडून जाणाऱ्या गाडीला सचिननंतर आणि उधन्याच्या आधी लागणारे हे पश्चिम रेल्वेचे लहानसे स्थानक. भोवताली कापडाचे मोठे उद्योग आहेत, यंत्रमाग आहेत, रंगाई-छपाईचे कारखाने आहेत. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा आणि भेस्तान या पट्ट्यात राहत आली आहेत. घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि मागावर हिंदी, असा त्यांचा भाषाव्यवहार. अशा वस्तीत मांडव पुष्कळदा गल्लीतच पडतो, आणि गल्लीतल्या मांडवाला कुत्र्याचे आमंत्रण लागत नाही. आचाऱ्याची चूल कोणत्या बाजूला पेटली हे पाहुण्यांच्या आधी त्याला कळलेले असते. तेव्हा कुत्रे लग्नाला असावे की नसावे, हा प्रश्न वस्तुतः नवा नाहीच. नवे आहे ते एवढेच की, आता त्याला कोणी हाकलीत नाही. उलट गळ्यात हार घालून पुढे आणले जाते.

आजोबांच्या आक्षेपाला उत्तर द्यावयास फार लांब जावे लागणार नाही. वरातीत घोडा असतो, गुजरातेत तर साऱ्या मिरवणुकीलाच वरघोडो म्हणतात. मग जनावर लग्नात अमंगल कसे? शिवाय खानदेशापासून पुण्यापर्यंत ज्या असंख्य घरांचे कुलदैवत खंडोबा आहे, त्यांच्या देवघरातील टाकाकडे पाहावे. घोड्यावर बसलेला देव, आणि पुष्कळ टाकांवर घोड्याच्या पायाशी कुत्रे. या घरांत लग्नानंतर जागरण घालावयाचे असते. नवी जोडपी जेजुरीला, नाही तर मालेगावजवळच्या चंदनपुरीला दर्शनास जातात. त्या जागरणात गाणारे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे मानीत. काही विधींत ते कुत्र्याप्रमाणे भुंकत आणि पुढे ठेवलेले अन्न तसेच खात, अशी नोंद या दैवताच्या अभ्यासकांनी केली आहे. ज्या घरच्या लग्नाची सांगता देवाच्या कुत्र्याला जेवू घातल्यावाचून होत नाही, त्या घराने दारातल्या कुत्र्याला अपशकुनी म्हणावे, ही मौजेची गोष्ट आहे. भेस्तानहून दोन-तीन स्थानके दक्षिणेला गेले की नवसारी येते. पारशी समाजाच्या या जुन्या गावाने कुत्र्याला आणखी वेगळा मान दिला. त्या धर्मातील सगदीद या विधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. आयुष्याच्या अखेरच्या दारात ज्याची नजर पावन मानली गेली, त्याने मंगल दारात उभे राहण्यास शास्त्राची आडकाठी कोणती?

परंतु आडकाठी नाही म्हणजे सारे योग्यच, असेही नव्हे. १९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईत अंबानी कुटुंबात धाकट्या मुलाचा साखरपुडा झाला. गोळधाण्याचा गुजराती विधी झाल्यावर अंगठ्या कोण आणणार, असा प्रश्न आला. तो घरातल्या हॅपी नावाच्या कुत्र्याने सोडविला. सोनेरी लोकरीचा तो थोराड प्राणी अंगठ्या घेऊन पाहुण्यांमधून चालत आला. ही चित्रे देशभर पाहिली गेली, आणि त्यानंतर आपल्याही लग्नात असे व्हावे असे अनेकांना वाटू लागले तर नवल नाही. पुढे दोन-अडीच वर्षांतच हॅपी वारला, चित्रे राहिली. त्यापूर्वी कित्येक दशके जुनागढच्या नबाब महाबतखानांनी आपल्या रोशनआरा नावाच्या लाडक्या कुत्रीचे लग्नच लाविले होते, असे सांगतात. त्या लग्नातला थाट, हत्ती, पाहुणे, खर्च यांची वर्णने ऐकावी तेवढी थोडी. त्यांत अतिशयोक्ती किती हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या साऱ्या सोहळ्यात कुत्रीला हवे असे काय होते? रेशमी वस्त्र तिला रुतले असेल, दागिना जड झाला असेल, आणि नबाबसाहेबांचे कौतुक मात्र गावोगावी झाले. अंबानींच्या घरचा प्रसंग याहून पुष्कळ साधा व प्रेमाचा होता. कुत्रे आपल्या घरात, आपल्या माणसांत, चार पावले चालून आले. या दोहोंमधील अंतर ओळखता आले म्हणजे निम्मा प्रश्न सुटला.

याविषयी एक जुनी कथा उद्‌बोधक आहे. कॅथलिक परंपरेने जुन्या करारात समाविष्ट केलेल्या ग्रंथांत तोबीतचा ग्रंथ आहे. निनवे नगरीत राहणारा तोबीत आंधळा होतो, आणि दूरदेशी ठेवलेले पैसे आणण्यासाठी आपल्या मुलाला, तोबियाला, पाठवितो. सोबतीला मनुष्यरूपाने देवदूत राफाएल येतो; आणि तिसरा सोबती म्हणजे कुत्रा. वाटेत एकबताना येथे तोबियाचा सारेशी विवाह होतो. या सारेचे आधीचे सात वर लग्नाच्याच रात्री मेलेले! तेव्हा हा आठवा सकाळी जिवंत उठलेला पाहून सासऱ्याला इतका आनंद होतो की, तो चौदा दिवस मेजवानी घालतो. या ग्रंथातील वेचे कॅथलिक लग्नविधीत आजही वाचले जातात. परंतु मौज अशी की, त्या लग्नात कुत्र्याचा उल्लेखच नाही. निघताना तो आहे; परतताना तो आहे; लॅटिन पाठात तर तो पुढे धावत जाऊन शेपटी हालवून आनंद दाखवितो. मधल्या चौदा दिवसांत तो कोठे होता हे ग्रंथकार सांगत नाही. अंगणात असेल, उंटांच्या सावलीत झोपला असेल. त्याला मेजवानीत कोणी बसविले नाही, म्हणून त्याचे काही उणे झाले नाही. प्रवासात तो बरोबर होता, आणि घरच्या दारापर्यंत तो बरोबर राहिला.

मांडवातला कुत्रा काय भोगतो, हे त्याच्या शरीराकडे पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याच्या कानाची मर्यादा सुमारे ४५,००० पर्यंत जाते. आपल्या गल्लीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावयाचे असतात. वरातीतल्या ढोलाने ही मर्यादा कोठल्या कोठे मागे टाकलेली असते. माणसे कानात बोटे घालतात, आणि थोड्या वेळाने नाचूही लागतात. कुत्र्याला ना बोटे घालता येत, ना नाचता येत. फटाक्यांची माळ लागली की तो साखळी तोडून सुटतो, आणि लग्नघरची माणसे नवऱ्या मुलीला सोडून त्याच्या शोधात रस्त्यावर धावतात. भेस्तानसारख्या ठिकाणी एका अंगाला रेल्वेचे रूळ आणि दुसऱ्या अंगाला मालमोटारींचा रस्ता. तेथे सुटलेला कुत्रा परत येईलच, याची हमी कोणी द्यावी?

दुसरी गोष्ट उन्हाची. आपले पुष्कळ मुहूर्त वैशाखातले. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही. पंजांना काय थोडा येईल तेवढाच. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, हाच त्याचा निवाऱ्याचा मुख्य मार्ग. अशा प्राण्याला मखमलीची शेरवानी शिवून भर दुपारी तापलेल्या डांबरावर उभे करणे याला लाड म्हणता येत नाही. प्राण्याला विनाकारण यातना देऊ नयेत, असे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा सांगतो. हौसेने दिलेली यातना त्यातून सुटते असे कोठे लिहिलेले नाही. घोड्याच्या बाबतीत हा विचार आपण कधी केला नाही, ही गोष्टही येथे कबूल करावयास हवी. गॅसबत्तीच्या काळापासून विजेच्या माळांच्या काळापर्यंत तो बिचारा कर्णकर्कश बाजापुढे उभा आहे.

मग पंगत. जो येतो तो आपल्या पानातला एक घास कुत्र्यापुढे टाकतो, आणि पुण्य जोडल्याच्या समाधानात हात धुवावयास जातो. पुलावातले मनुके कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात; कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो; चॉकलेट त्याला विषासमान. शिजलेल्या हाडाच्या चिपा आतड्यात रुततात. दोनशे पाहुण्यांना हे समजावून सांगणे कोणा यजमानाला जमणार?

याचा अर्थ, हट्ट धरणाऱ्या मुलीने तो सोडून द्यावा असा मुळीच नाही. लग्नदिवसाला सकाळ असते, आणि सकाळ बहुधा शांत असते. हळद लागण्यापूर्वी, बाजा येण्यापूर्वी, घरातल्या घरात तिने त्याला जवळ घ्यावे. गळ्यात झेंडूच्या चार फुलांची सैल माळ घालावी, म्हणजे पुरे. कण्हेरीची फुले तेवढी टाळावीत. ती विषारी असतात. अंगठ्या त्यानेच आणाव्यात असा आग्रह असेल, तर त्याच्या गळपट्ट्याला बांधावयाच्या अंगठ्या खोट्या असाव्यात, आणि खऱ्या भावाच्या खिशात. चर्चमध्ये लग्न असेल तर धर्मगुरूंना आधी विचारावे. ते हो म्हणाले, तरी मुकाट उभ्या राहणाऱ्या कुत्र्याची जागा दारातल्या ओसरीतच बरी दिसते. विधी आटोपला की पायऱ्यांवर भेट होतेच. नवरीला करवली असते, तसा कुत्र्यालाही एक करवला नेमावा. घरातला एखादा समंजस मुलगा, ज्याला त्या दिवशी दुसरे काम नाही. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, कान मागे पाडून शेपूट पोटाशी घेऊ लागला, की तो कंटाळलेला नाही, भ्यालेला आहे, हे त्या मुलाला ठाऊक असावे. त्याने कोणाला न विचारता त्याला घरी न्यावे. पिसाळ रोगाची लस आधीच टोचलेली असावी, हे सांगावयास नकोच. मांडवात परकी मुले असतात, आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

तथापि या साऱ्या चर्चेत लग्नाचा दिवस उगाच मोठा झाला आहे. कुत्र्याच्या दृष्टीने खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी उगवतो. मुलगी सासरी जाते, आणि आठ-दहा वर्षे जिच्या पायाशी तो निजला, ती खोली रिकामी होते. पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण जात असे, नव्या घरी तिला एकटे वाटू नये म्हणून. कुत्र्याला पाठराखीण म्हणून धाडणे दर घरी शक्य नसते. सासरी दोन खोल्या, वर सासूबाईंचा नेम-धर्म, खाली घरमालक. घरबांधणी संस्थांना प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. पण परिपत्रकाने सासूचे मन वळत नाही. म्हणून साखरपुड्याच्या बैठकीत, देण्याघेण्याची बोलणी होतात तेथेच, हा विषय निघावा. कुत्रा कोणाकडे राहणार, त्याला सकाळी फिरवणार कोण, औषधपाण्याचे काय? जो नवरा मुलगा त्या वेळी हसण्यावारी नेतो, त्याने मांडवात कुत्र्यासह छायाचित्र काढून घेतले तरी त्याचा उपयोग काय? आणि कुत्रा सासरी जाणार असेलच, तर लग्नाआधी दोन-चार वेळा त्याला ते घर दाखवून आणावे. गोंधळाच्या दिवशी नवे घर आणि नवी माणसे एकदम त्याच्या अंगावर येऊ देऊ नयेत.

तो मागे राहणार असेल, तर मुलीने आपली एक वापरलेली ओढणी त्याच्या अंथरुणावर टाकून जावी, न धुता. पहिले दोन दिवस तो जेवत नाही. दाराकडे तोंड करून पडतो. त्याच्या जेवणाची आणि फिरण्याची वेळ मात्र चुकवू नये. हे काम पुष्कळ घरांत त्याच आजोबांकडे येते, ज्यांनी मांडवात त्याला नको म्हटले होते. आणि ते ते करतात. मग मांडवपरतणीला मुलगी माहेरी येते. रिक्षा अजून गल्लीच्या तोंडाशी असते, घरात कोणाला काही ऐकू आलेले नसते, आणि उंबऱ्यावरचा तो उठून उभा राहतो.