नाणं आधी, गोष्ट मागाहून



जुनी नाणी, नोटा, टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचा बाजार आता मोबाइलच्या पडद्यावर भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात विकणारा समोर असायचा, नाणं हातात यायचं आणि पटलं नाही तर उठून पुढे जाता यायचं. ऑनलाइन लिलावात समोर असतो फक्त फोटो, शेजारी उलटं पळणारं घड्याळ आणि खाली चार ओळींची गोष्ट. फसवणूक बहुतेक वेळा या गोष्टीतूनच आत शिरते.

अमेरिकेतलं एक गाजलेलं प्रकरण सांगतो. २००० सालच्या मे महिन्यात ईबेवर एक अमूर्त चित्र लिलावाला आलं. बोलीची सुरुवात २५ सेंटपासून. विकणारा केनेथ वॉल्टन हा कॅलिफोर्नियातला वकील, पण जाहिरातीत त्यानं सोंग घेतलं होतं कलेतलं काही न कळणाऱ्या साध्या गृहस्थाचं. चित्रकाराचं नाव त्यानं कुठेच दिलं नव्हतं. फोटोत मात्र ‘आर. डी. ५२’ ही अक्षरं दिसत होती. पाहणाऱ्यांनी मनाशी ताडलं, हे तर नामवंत चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्नचं चित्र! बोली चढत चढत १,३५,८०५ डॉलरवर गेली. पुढे उघड झालं की, वॉल्टन आणि त्याचे साथीदार वेगवेगळ्या नावांनी स्वतःच बोली लावत होते. ईबेनं विक्री रद्द केली, एफबीआयनं तपास केला आणि वॉल्टननं न्यायालयात गुन्हा कबूल केला.

यातली खुबी ध्यानात घ्या. ‘हे डीबेनकॉर्नचं चित्र आहे’ असं विकणारा कधी म्हणालाच नाही. ‘या बिचाऱ्याला काही कळत नाही, मला कळतंय’ असं घेणाऱ्यालाच वाटलं. आपण समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा घेतोय, या समाधानात माणूस सर्वांत सहज फसतो. म्हणून ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, मला यातलं काही कळत नाही, योग्य वाटेल ते द्या’ असा मजकूर दिसला, की आधी हात आखडता घ्या. गोष्ट खरीही असेल, पण तिच्यावरून नाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता आपल्याकडचे नमुने पाहू. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल, दुसऱ्या बाजूला राम-सीता किंवा हनुमान, अशी तांब्याची ‘नाणी’ सर्रास विकायला असतात. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ती अलीकडे केलेली शोभेची वस्तू आहे. दुसरा नमुना अधिक कसबी आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे. म्हणून दुसऱ्या सालाच्या अस्सल रुपयावरचा आकडा कोरून तिथे १९३९ केलं जातं.

तपासायचं कसं? त्या काळापर्यंतचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा असे आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून चांदीचं प्रमाण निम्म्यावर आलं. ओतीव नकली रुपया बहुधा वजनात चुकतो. त्याच्या कडेवर साच्याची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात आणि अक्षरं बोथट येतात. चुंबकाला चिकटला तर प्रश्नच मिटला. साल कोरून बदललेला रुपया मात्र वजनात बरोबर उतरतो, कारण तो रुपया म्हणून खराच असतो. तिथे भिंग लावून सालाचा शेवटचा आकडा आणि त्याच्या भोवतीची जमीन पाहावी लागते.

म्हणून बोलीआधी विकणाऱ्याकडे वजन मागा, व्यास मागा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो मागा. नाणं खोटं निघाल्यास परत घेणार का, हे लेखी घ्या. खरा व्यापारी या प्रश्नांनी रागावत नाही. टाळाटाळ झाली तर तो लिलाव सोडून द्या. नाणं सीलबंद डबीत, प्रमाणपत्रासह आलं तरी डब्याही नकली निघतात. त्यावरचा क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. आपली कमाल बोली कमिशन, कर आणि कुरियर धरून आधीच कागदावर लिहा. समोर कुणी खोटी बोली चढवत असेल, तरी त्या आकड्यापलीकडे तो तुम्हाला नेऊ शकणार नाही. आणि ‘कमिशन वाचवू, थेट माझ्या खात्यात पाठवा’ असं कुणी म्हणालं, तर ते वाचवू नका. त्या कमिशनबरोबर तक्रारीची वाटही जाते.

आता विकणाऱ्यांकडे वळू. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट, ७८६ आकड्याची नोट, वैष्णोदेवीचं नाणं यांना लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. फोन केला की गिऱ्हाईक लगेच ‘तयार’ असतं, फक्त आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग कुरियरचे पैसे भरायचे. कधी रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्रही येतं. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनंच जाहीर केलं आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत ती पडत नाही, त्यासाठी शुल्क वा कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही तिनं दिलेला नाही. माल तुमचा, विकणार तुम्ही, मग पैसे तुम्ही का भरायचे?

यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. कुणी पिन टाकायला लावलं, तर पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. पैसे पाठवल्याचा फोटो पाहून माल पाठवू नका, बँकेत रक्कम जमा झाल्याचं पाहा. चांगलं नाणं घेऊन त्याच्या जागी वाईट परत करणारे ग्राहकही असतात. त्यामुळे पाठवण्यापूर्वी नाण्यावरच्या ओरखड्यांसकट फोटो, वजन आणि पाकीट बंद करतानाचं चित्रीकरण जपून ठेवा. परदेशातून मागणी आली तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

इतकं करूनही फसलात, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. संभाषण, व्यवहार क्रमांक, जाहिरातीचा फोटो, काहीही पुसू नका.

नव्यानं छंद लागलेल्यांना एकच सांगणं. पहिली खरेदी दुर्मीळ वस्तूची करू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, तिथे जाऊन या. गावोगावच्या प्रदर्शनांत जाणकारांशी बोला. एखादी साधी, झिजलेली पण अस्सल तांब्याची शिवराई घ्या, तोला, भिंगाखाली धरा, तिच्यावरचं ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ वाचा. अशी दहा अस्सल नाणी पाहून झाली, की अकराव्याच्या फोटोत काय खटकतंय, ते विकणाऱ्याची गोष्ट वाचण्याआधीच कळू लागेल.