घडवंचीवरचं पाणी



काशीला ब्रह्माघाटावर माझी आत्या राहायची. तिच्याकडे पाणी मागितलं की आधी हातावर गुळाचा खडा यायचा. तिकडे घरी आलेल्याला नुसतं पाणी देणं बरं दिसत नाही. बनारसमध्ये रस्त्यावरच्या पाणपोईला 'पौसरा' म्हणतात. तिथंसुद्धा उन्हाळ्यात पाण्याआधी गूळ नाहीतर बत्तासा पुढं करतात. मी पुण्याहून गेलेली, आठ-नऊ वर्षांची. गूळ गालात धरून बसायचे आणि आत्या लांब दांड्याच्या ओगराळ्यानं माठातलं पाणी काढायची. त्या पाण्याला वास होता. आधी ओल्या मातीचा, आणि त्याच्या मागून हळूच येणारा आणखी एक, मुळांचा. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाळा गं. तुमच्या पुण्यात घालत नाहीत होय?"

घालत होते की. अक्षय्य तृतीयेला उदककुंभ दान करताना आमची आजी त्यात वाळा घालायची. पण पुण्याचा उन्हाळा आणि काशीचा उन्हाळा यांत फरक आहे. तिथं लू सुटते, पारा चाळिशीच्या पार जातो, आणि दुपारी घाटाच्या पायरीवर पाऊल ठेववत नाही. तेव्हा त्या पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरताना काय वाटायचं, हे सांगायला मला आजही नीट शब्द सापडत नाहीत.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट हा काशीतला जुना मराठी पट्टा. पैठणहून भट्ट घराणं काशीला गेलं ते सोळाव्या शतकात. 1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट त्याच घराण्यातले. पुढं पेशवाईत ही वस्ती वाढली. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं तेही त्याच अठराव्या शतकात. ही मंडळी येताना वेद, शास्त्रं, पूजेची भांडी घेऊन आली हे सगळेच सांगतात. पाणी ठेवण्याची त्यांची रीत कुठून आली, हे कोणी सांगत नाही. मला ती बऱ्याच उशिरा, एका पुस्तकात सापडली.

पुस्तक होतं सुश्रुतसंहिता. माझा एक भाचा आयुर्वेदाच्या महाविद्यालयात शिकायला लागला, तेव्हा त्याच्या टेबलावर काशीच्या चौखंबा प्रकाशनाची जाडजूड प्रत पडलेली असायची. आयुर्वेदाच्या मराठी विद्यार्थ्यांच्या खोल्यांमधून ही काशीची छापील पुस्तकं नेहमी दिसतात. मी सहज चाळायला घेतली. सुश्रुत म्हणजे शस्त्रक्रिया, कापलेलं नाक जोडणारा वैद्य, एवढंच मला माहीत. ग्रंथाच्या सुरुवातीलाच कळलं की हे ज्ञान सुश्रुताला देणारा गुरू म्हणजे काशीचा राजा दिवोदास, ज्याला धन्वंतरी म्हटलं आहे. म्हणजे पुस्तक छापलं काशीत आणि त्यातला गुरूही काशीचाच.

त्याच्या सूत्रस्थानात पंचेचाळिसावा अध्याय आहे, द्रव पदार्थांचा. त्याची सुरुवातच पाण्यापासून होते. पाणी कुठलं घ्यावं, कुठलं घेऊ नये. ते निवळायचं कसं, ठेवायचं कशावर, गार कसं करायचं. ठेवण्याच्या पाच जागा सांगितल्या आहेत आणि त्यांची नावं वाचताना मी भाच्याचं पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. फलक, म्हणजे आपली फळी. त्र्यष्टक, म्हणजे तिवईसारखं काहीतरी. मुंजवलय, म्हणजे मुंज गवताची चुंबळ. उदकमंचिका, म्हणजे घडवंची. आणि शिक्य, म्हणजे शिंकं. आत्याच्या माजघरातला तो कोपरा जसाच्या तसा त्या संस्कृत ग्रंथात होता! मधल्या काळात राजवटी बदलल्या, घाट पडले आणि पुन्हा बांधले गेले, आणि घडवंची मात्र घडवंचीच राहिली.

पाणी गार करायचे सात मार्ग तिथं आहेत. वाऱ्यात ठेवावं, भांड्यावर बाहेरून पाणी शिंपडावं, काठीनं ढवळत राहावं, पंख्यानं वारा घालावा, कापडातून गाळून वर उचलावं, वाळूत पुरावं, शिंक्यावर टांगावं. यातल्या बऱ्याच मार्गांमागे गोष्ट एकच आहे. पाण्याची वाफ होताना उरलेल्या पाण्यातली उष्णता निघून जाते. माठही तेच करतो. त्याच्या अंगावरून पाणी पाझरतं, कोरड्या वाऱ्यात वाळतं आणि आतलं पाणी थंड होतं. म्हणून काशीच्या मे महिन्यात माठ उत्तम काम करतो, आणि श्रावणात हवेतच इतकं पाणी असतं की तो रुसल्यासारखा गप्प बसतो.

आता आपल्या विषयाचं. म्हणजे पाण्यात पाला, मुळ्या, फुलं घालणं. सुश्रुत सांगतो ते असं. पाणी आधी उकळावं, किंवा उन्हात तापवावं, किंवा तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा त्यात विझवावा. मग ते निवळावं. निवळण्याच्या सात साधनांत निवळीचं बी पहिलं आहे. जुन्या घरांत हे बी घागरीच्या आतल्या बाजूला घासत आणि गढूळ पाणी ठेवून देत, गाळ तळाशी बसायचा. आणि हे सगळं करून झाल्यावर नागचाफा, कमळ, पाटला अशा फुलांनी ते सुवासिक करावं.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी स्वच्छ, मग नितळ, मग सुगंध. आज आपण नेमकं उलटं करतो. एखाद्या हॉटेलात किंवा लग्नात काचेची मोठी बरणी दिसते, तिला तळाशी नळ, आत काकडीच्या चकत्या, पुदिना, लिंबू, आणि वर पाटी 'डिटॉक्स वॉटर'. ते पाणी मुळात कुठलं, बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही. पुदिन्याची चार पानं दिसली की आपला विश्वास बसतो. शरीरातला नको तो माल बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. त्यांना पाणी पुरेसं मिळालं की झालं. काकडीचा सल्ला त्यांनी कधी मागितलेला नाही.

मग या पाण्याचा उपयोग काय? एक हिशोब करून पाहा. आयुर्वेदात वनस्पतींपासून औषध करण्याच्या पाच मूळ पद्धती आहेत. त्यांतल्या दोन आपल्या विषयाच्या अगदी जवळच्या. भरड कुटलेलं औषध रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळतात, तो हिम. गरम पाणी ओतून, थोडा वेळ ठेवून गाळतात, तो फांट. आपला चहा खरं तर फांटच. शार्ङ्गधरानं हिमासाठी प्रमाण दिलं आहे, एक भाग औषधाला सहा भाग पाणी. लिटरभर पाण्याला दीडशे ग्रॅमच्या वर औषध झालं. आपण तांब्याभर पाण्यात तुळशीची दहा पानं टाकतो, त्यांचं वजन एक-दोन ग्रॅम. म्हणजे आपण औषध करतच नाही. आपण पाण्याला वास लावतो.

याचा मला कमीपणा वाटत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांना तहान लागल्याचं नीट कळत नाही. ती पाणी कमी पितात, आणि मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते. अशा माणसाला "पाणी प्या, पाणी प्या" म्हणून भागत नाही. पण त्यातून वाळ्याचा वास आला, किंवा गवती चहाच्या पातीचा, तर पेला रिकामा होतो. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दोन उन्हाळ्यांत मी हे पाहिलं. साधं पाणी ते बाजूला सारायचे, आणि "ते आत्याकडचं दे" म्हणून हेच पाणी मागून घ्यायचे.

वैद्यांनीही तहानेसाठीचं पाणी आणि रोगासाठीचा काढा यांत फरक केलेला आहे. तापात तहान लागली तर षडंगोदक देतात. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ घालून उकळलेलं आणि गार केलेलं पाणी. काढ्याच्या मानानं हे अगदी पातळ. त्याला नावही 'उदक'च दिलं आहे. तापलेल्या माणसाला पाण्यासारखं पिता यावं, एवढाच त्याचा हेतू.

धन्वंतरीचं नाव निघालंच आहे, तर काशीतली एक विहीर सांगते. कालभैरवापासून फार लांब नाही, दारानगरात मृत्युंजय महादेवाचं देऊळ आहे. आवारात धन्वंतरी कूप. लोक सांगतात, धन्वंतरीनं आपल्या सगळ्या औषधी या विहिरीत टाकल्या, म्हणून हिचं पाणी रोग बरे करतं. दुखणेकरी येतात, पाणी पितात, बाटलीत भरून नेतात. पाण्यात वनौषधी घालण्याची याहून भव्य कल्पना मी तरी कुठं ऐकलेली नाही! एका माणसाचा अख्खा औषधसाठा, एका विहिरीत, सगळ्या गावासाठी. मी तिथं गेले तेव्हा ते पाणी तळहातावर घेतलं, तीर्थासारखं, आणि डोळ्यांना लावलं. प्यायले नाही. दाट वस्तीतल्या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये असं मला वाटतं, आणि धन्वंतरीच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथातही पाणी आधी तापवायलाच सांगितलं आहे. आत्याला हे पटलं नसतं. तिनं मला रागानं "पुणेरी" म्हटलं असतं.

तुळशीचंही असंच. पूजेनंतर पळीभर तीर्थ आणि त्यात तुळशीचं पान, हे आपण सगळ्यांनी घेतलेलं आहे. तुळशीत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, तेच लवंगेतही असतं, म्हणून दोन्हींचा वास थोडा एकमेकींकडे झुकतो. प्रयोगशाळेत तुळशीचा अर्क काही जंतूंना मारतो हे खरं. पण दहा पानांनी तांब्याभर दूषित पाणी शुद्ध होईल, अशा भरवशावर कोणी राहू नये. पुदिन्याची गंमत तर वेगळीच आहे. मेन्थॉलमुळे आपल्या जिभेतल्या, गार ओळखणाऱ्या मज्जातंतूंना गार लागल्याचा भास होतो. पाणी अर्ध्या अंशानंही थंड झालेलं नसतं. आपल्या चटणीच्या पुदिन्यात मेन्थॉल तसं कमीच. ते भरपूर असतं जपानी पुदिन्यात, ज्याची शेतंच्या शेतं उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला आहेत. त्याचं तेल तुमच्या टूथपेस्टमध्ये आणि डोकेदुखीच्या बामात जातं.

कोणी विचारेल, तुम्ही घरी काय करता? उकळून गार केलेलं किंवा गाळणयंत्रातलं पाणी माठात. वाळ्याची मूठभर मुळं दोन-तीनदा धुऊन, माती काढून, मलमलच्या पुरचुंडीत बांधून आत. तीन-चार दिवसांनी पुरचुंडी काढून कडक उन्हात वाळवायची, की पुन्हा वापरता येते. तुळस कुंडीतली. हारवाल्याकडची पाण्यात घालत नाही, कारण ती खायची म्हणून कोणी पिकवलेली नसते, तिच्यावर काय फवारलं असेल कोण जाणे. पानं रात्री टाकते आणि सकाळी काढते. गवती चहाची पात बोटाएवढी, किंचित चुरगाळून. धने रात्री भिजत. आणि लिंबू घालायचं असेल तर तांब्याच्या भांड्यात कधीच नाही, आंबटानं तांबं पाण्यात उतरतं. आत्यानं मला काशीच्या ठठेरी बाजारातून आणलेला तांब्याचा लोटा दिला होता, तेव्हाच बजावलं होतं, "यात फक्त पाणी. बाकी तुझी थेरं काचेत कर." रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तुळशीचा रोजचा मारा करण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. वासापुरती दोन-चार पानं असली तर मी काही भीती घालणार नाही.

आणि संध्याकाळी उरलेलं पाणी झाडांना. हे मी ठेच लागून शिकले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुळस आणि पुदिना घातलेली बाटली गाडीत विसरले, दुसऱ्या दिवशी टाकवेना म्हणून प्यायले. पानं बुळबुळीत झाली होती ते तोंडात आल्यावर कळलं. पुढचे दोन दिवस मी काय प्यायले, तर मीठ-साखरेचं पाणी. त्यात कसलाही पाला नव्हता.

मागच्या कार्तिकात काशीला गेले होते. आत्या आता नाही. पंचगंगेवर आकाशदिवे लागले होते, बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून. सुडिया मोहल्ल्यात एका जुन्या वैद्यांच्या घरी धन्वंतरीची अष्टधातूची मूर्ती आहे. तिचं दर्शन वर्षातून एकदा, धनत्रयोदशीलाच खुलं होतं. ते मात्र माझं चुकलं, उशिरा पोचले. आत्याच्या घरी वहिनींनी दार उघडलं. माजघरात घडवंची तिथंच आहे. तिच्या वरच्या अंगाला आता गाळणयंत्र बसवलंय, भिंतीला खिळे मारून, आणि त्याच्या नळीखाली माठ. नळीतून पाणी थेंब थेंब माठात पडत होतं. मी पेल्यासाठी हात पुढं केला, तर वहिनी म्हणाल्या, "थांबा. आधी गूळ."