वाहनातील बिनतारी संच आणि त्याचे एरियल



हसनाबादसारख्या गावात आज साठी-सत्तरीच्या घरात असलेल्या मंडळींना रेडिओ सिलोनची आठवण करून द्यावी लागत नाही. बुधवारची रात्र झाली की ओसरीवर माणसे जमत. माळवदावर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची जाळीदार पट्टी संचाला जोडलेली असे आणि अमीन सयानींचा आवाज कोलंबोहून, म्हणजे सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटरवरून, घरात येई. त्याच गावातून निघालेल्या जीपगाडीतील बिनतारी संच मात्र शेजारच्या जिल्ह्याशी बोलू शकत नाही, याचे अनेकांना नवल वाटते. या कोड्याच्या उत्तरातच आजचा विषय सामावलेला आहे.

पोलीस, वन इत्यादी खात्यांच्या वाहनांत सामान्यतः दिसणारे संच व्ही.एच.एफ. म्हणजे अतिउच्च कंप्रतेचे असतात. त्यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की त्या अडतात. उंच टेकडीवर पुनःप्रक्षेपक असेल तोवर काम चालते. तो नसेल, किंवा त्याचीच वीज गेली असेल, तर गाडी मुकी होते. भोकरदन तालुक्याच्या उत्तरेस अजिंठ्याची रांग आहे, हे येथील लोकांना सांगावयास नको. याच हसनाबादेतून मदतीचे साहित्य घेऊन एखादी गाडी सातपुड्यातील तोरणमाळला निघाली, किंवा पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या भामरागडला निघाली, तर वाटेत तिची विचारपूस कोणी व कशी करावयाची?

मोबाइल आहे, असे उत्तर सहज येते. परंतु मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो, आणि वीज गेल्यावर त्याच्या बॅटऱ्या काही तासांपुरत्याच असतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा विजेबरोबर दूरध्वनीही गेले. त्याआधी दोन वर्षे, जुलै २०१९ मध्ये, तिवरे धरण फुटले. त्याच सुमारास भोकरदन तालुक्यातील शेलूदच्या धामणा धरणाच्या भिंतीतून पाणी पाझरू लागले आणि खालच्या गावांना सावध करावे लागले. सावध करण्याचा निरोप वेळेवर पोहोचला की नाही, यावर अशा रात्री माणसांचे जीव अवलंबून असतात.

येथे उच्च कंप्रतेचा, म्हणजे एच.एफ. संच उपयोगी पडतो. ३ ते ३० मेगाहर्ट्झ हा त्याचा पट्टा. या लहरी आकाशात जातात, जमिनीपासून सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबरावरून परावर्तित होतात आणि पुन्हा भूमीवर उतरतात. मधला डोंगर त्यांच्या वाटेतच येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअर येथे होते. २६ डिसेंबरला त्सुनामीने बेटांचा संपर्क तोडला, तेव्हा त्यांच्या संचांवरूनच कित्येकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर आले.

असा संच घ्यावयाचे ठरले की बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. सारा विचार संचाचा होतो, आणि एरियल म्हणून दुकानदार देईल ती काठी गाडीला लावली जाते. वस्तुतः क्रम उलटा हवा. शंभर वॅटचा, मजबूत बांधणीचा कोणताही नावाजलेला संच दुसऱ्याइतकेच काम देतो. फरक पडतो तो एरियलने.

त्यासाठी थोडे गणित करावे. ७.१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर भरते. उभे एरियल चांगले चालावयाचे तर ते तिच्या पाव हिश्शाइतके, म्हणजे साडेदहा मीटर असावे. गाडीवर एवढी काठी उभी करता येत नाही. दोन-अडीच मीटरच्या काठीला तारेचे वेटोळे जोडून तिला लांब असल्याचे भासवावे लागते. या भासाची किंमत मोजावी लागते. वेटोळे तापते आणि संचाच्या शंभर वॅटपैकी दहा वॅट हवेत गेले तरी पुष्कळ झाले, अशी स्थिती असते. ३.६ मेगाहर्ट्झवर तर त्याहूनही थोडे.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे, आणि माहितीपत्रकांत तिचा उल्लेख सहसा नसतो. उभी काठी आपली शक्ती क्षितिजाकडे फेकते. थेट डोक्यावर ती जवळजवळ काहीच पाठवीत नाही. क्षितिजाकडे गेलेली लहर परत उतरते ती कित्येक शे किलोमीटर पलीकडे. जमिनीलगत जाणारी लहर वीसतीस किलोमीटरमध्ये विरते. मधला टापू मुका राहतो. हसनाबादेहून किल्लारी सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर, तोरणमाळही जवळजवळ तेवढेच. प्रशासनाला जेथे बोलावयाचे असते ती सारी गावे नेमकी या मुक्या टापूत पडतात. कोलंबो ऐकू येते आणि लातूर येत नाही, ते यामुळे.

यावरचा उपाय फारसा खर्चाचा नाही. लहर सरळ वर पाठवावी, म्हणजे ती आयनांबरावरून पावसासारखी खाली सर्वत्र उतरते आणि तीनचारशे किलोमीटरच्या परिघात कोणतीही दरी कोरडी राहत नाही. त्यासाठी आडवे एरियल हवे, आणि तेही उंच नको. प्रत्येकी दहा मीटरच्या दोन तारा, मधोमध संचाकडे येणारी केबल, टोकांना नायलॉनची दोरी, इतकेच साहित्य. शाळेच्या आवारातील दोन कडुनिंबांना तीनचार मीटर उंचीवर ती बांधावी. झाडे नसतील तर गाडीच्या कॅरिअरला बांबू बांधून तारेचा मध्य त्यावर चढवावा व टोके खाली उतरवावीत. सराव असलेली दोन माणसे पंधरा मिनिटांत हे करतात. मात्र विजेच्या तारांजवळ किंवा त्यांच्याखाली हा उद्योग कदापि करू नये. अंधारात तर टॉर्च लावून आधी वर पाहावे.

मग गाडीवरची काठी नकोच काय? हवी, कारण चालत्या गाडीला झाडे बांधता येत नाहीत. ती घेताना वेटोळे जाड तारेचे आणि काठीच्या मध्याकडे असलेले पाहावे. बुडखा चुंबकाने चिकटविण्यापेक्षा गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्का बसवावा, आणि रंग खरवडून धातूला धातू भिडवावा. बॉनेट, दारे व सायलेन्सरची नळी तांब्याच्या पट्टीने सांगाड्याला जोडल्यास इंजिनाची खरखरही कमी होते. काठी मागे वाकवून बांधण्याची सोय असेल तर जवळच्या अंतरासाठी ती अधिक बरी. बटण दाबताच मोटरने आपली लांबी जुळवून घेणारी एरियले मिळतात; ती सोयीची खरी, पण मराठवाड्यातील धूळ त्यांच्या दात्यांना मानवत नाही.

विजेचाही प्रश्न आहे. १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशासाठी आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून वीज निर्माण करणारा संच तयार केला होता. आजच्या गाडीत तो व्याप नाही. पण शंभर वॅटचा संच बोलताना सुमारे वीस अँपियर वीज खेचतो. सिगारेट पेटविण्याच्या खाचेतून ती घेऊ नये; थेट बॅटरीपासून जाड केबल आणावी आणि बॅटरीजवळच फ्यूज घालावा. ट्रकची वीज २४ व्होल्टची असते. तेथे रूपांतरक लागतो.

परवान्याविषयी गैरसमज फार आहेत. ग्रामपंचायतीने ठराव केला म्हणून संच विकत घेऊन बोलता येत नाही. कंप्रता आणि परवाना देण्याचा अधिकार केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा आहे. हौशी चालकास परीक्षा द्यावी लागते आणि त्याला व्यापारी कामासाठी संच वापरता येत नाही. शासकीय वाहनांची तजवीज खात्यामार्फत निराळी करावी लागते. तथापि गावातील एखादा विज्ञानशिक्षक ही परीक्षा उत्तीर्ण झाला, तर आपत्तीच्या वेळी तहसीलदारांना घरबसल्या एक जाणकार सहकारी मिळतो.

शेवटी चालकाविषयी. दिवसा सात मेगाहर्ट्झच्या आसपास चांगले चालते. दिवस मावळल्यावर तेथील आवाज दूरदूरचे होऊ लागले की साडेतीनकडे उतरावे, आणि त्यासाठी दहा मीटरच्या प्रत्येक तारेला आणखी दहा मीटरची जोडतार लावावी. या दोन कंप्रता आणि बोलण्याच्या ठरलेल्या वेळा मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून काचेजवळ चिकटवाव्यात. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, गाडी गावाबाहेर उभी करून जिल्ह्याच्या ठिकाणाशी बोलून पाहावे, आणि कोण किती स्पष्ट ऐकू आले ते वहीत तारखेनिशी नोंदवावे. तार बांधावयास चालकाबरोबर दर वेळी निराळा माणूस न्यावा.