न दिसणारा थकवा



तापीकाठच्या बऱ्हाणपुरातील वैशाखाची दुपार. धडधाकट माणूसही सावली शोधतो. अशा वेळी शनवाऱ्यातून पायी घरी परतणारी एखादी पंचविशीतील तरुणी डोळ्यांपुढे आणा. चार पावलांतच तिचे पाय जड होतात, नजर धूसर होते. घरी येऊन ती अंथरुणावर अंग टाकते. तासाभराने अंग निवते आणि नजरही निवळते. मग घरची मंडळी विचारतात, "आता बरी आहेस, तर मघाशी काय सोंग होते?"

ते सोंग नसेलही. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात असेच घडते. विजेच्या तारेवर वेष्टण असावे, तसे मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून त्यावर घाला घालते आणि तंतूंतून जाणारे संदेश अडखळतात. अंगातील उष्णता किंचित वाढली, तरी हा अडथळा तात्पुरता बळावतो. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्येच याची नोंद केली होती.

हा विकार संसर्गजन्य नाही. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो. म्हणजे शिक्षण, नोकरी व संसार यांच्या ऐन उंबरठ्यावर. १९९३ पासून विकाराचे झटके कमी करणारी औषधे उपलब्ध होत गेली. मात्र त्याचे समूळ उच्चाटन करणारे औषध अद्याप नाही. म्हणून औषधाइतकेच महत्त्व दिवसाच्या आखणीला आहे. श्रमाची कामे सकाळी उरकावीत. थकण्यापूर्वीच विसावा घ्यावा. उन्हाळ्यात गार पाणी व मानेवर ओले फडके जवळ असावे. झेपेल तेवढा व्यायाम सोडू नये. नवे लक्षण एक दिवसाहून अधिक टिकले, तर मात्र ते उन्हाच्या माथी न मारता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

समाजाचेही काही देणे आहे. १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या विकाराचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ते आले. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आले, तर केवळ त्या कारणाने कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही, हेही त्या कायद्याने सांगितले.

परंतु घरातला न्याय कायदा देऊ शकत नाही. कुबडी दिसते, तेव्हा आपण वाट देतो. थकवा दिसत नाही, म्हणून आळशी ठरवतो. त्या तरुणीला आपली कीव नको आहे. "मी थकले आहे," असे ती म्हणाली, तर पुरावा न मागता तिचे म्हणणे खरे मानावे. तिच्या जगण्यातील निम्मा भार तेवढ्यानेच हलका होईल.