नदी कुठली, पोरा?



बालसाहित्य संमेलनासाठी आटपाडीत आलेल्या आपणा सर्वांचं स्वागत समितीच्या वतीनं मी मनापासून स्वागत करतो.

आमचा माणदेशी मुलूख पावसाला पारखा. पण याच तालुक्यानं मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले. १९७३ साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात. व्यंकटेशरावांची ‘माणदेशी माणसं’ याच मातीतली. खरातांचे वडील गावकीची कामं करणारे तराळ. तेच जगणं ‘तराळ-अंतराळ’मध्ये उतरलं. लिहिण्यासाठी दोघांनाही लांब जावं लागलं नाही.

आमची मुलं मात्र गोष्ट लिही म्हटलं की लांब जातात. मी शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. सातवीतल्या एका मुलानं लिहिलं : राजूनं महापुरात उडी मारून मित्राला वाचवलं, सरपंचांनी बक्षीस दिलं. मी विचारलं, “नदी कुठली, पोरा?”

“माणगंगा.”

“तिला पूर आलेला बघितलास का कधी?”

त्यानं मान हलवली. नव्हता बघितला. मग घरचं विचारत गेलो. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला तमिळनाडूत. पैशाची नड होती म्हणून आईनं करडू बाजारात विकलं होतं. “शेरडी रातभर वरडत हुती,” तो म्हणाला. म्हटलं, हेच लिही, अगदी असंच. आणि राजूला त्या रात्री काय करावंसं वाटलं असतं, तेही लिही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वही आणली. त्याच्या गोष्टीतला राजू पहाटे उठतो आणि बाजाराआधी करडू ज्वारीच्या रानात लपवतो. आई बघते. काही बोलत नाही, चुलीवर चहा ठेवते. गोष्ट तिथंच संपते.

करडू विकलं गेलं, हे खरं. लपवणं त्याच्या मनातलं. पण वाचताना दोन्ही सारखंच खरं वाटतं, आणि कथा म्हणतात ती हीच. ‘शेवटी बोध राहिला,’ असं एक सहकारी म्हणाले. मी तो घालू दिला नाही. ‘वरडत हुती’चं ‘ओरडत होती’ही केलं नाही, कारण त्या दोन शब्दांत शेरडीचा आवाज होता. मुलाची भाषा आधी पुसली, तर पुढं त्याच्याकडं सांगण्यासारखं उरतं काय? शुद्धलेखन शिकवायचंच आहे, पण गोष्ट पुरी झाल्यावर.

उद्या सकाळी मुलांची कथालेखन कार्यशाळा आहे. शिक्षकांना विनंती, लाल पेन घरी ठेवून या. विचारायचं तर एवढंच विचारा : कुठं घडलं, कोण होतं, मग काय झालं? पालकांनी वहीत डोकावू नये. तुमच्यासाठी शेजारच्या मंडपात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं आहे. मुलांचं लिहून होईपर्यंत तिथं बसा.