फोटोतली खोली आणि आपली खोली



मागच्या उन्हाळ्यात आम्ही मोहन्यातल्या चार घरांनी वर्षभराच्या भिशीतून एका रिसॉर्टवर मुक्काम केला. मोबाइलवर फोटो पाहिला होता, जहाजाच्या आकाराचा पलंग आणि छतावर चांदण्या. मुलांनी तोच ध्यास घेतला. पोचल्यावर कळलं, तशा खोल्या मोजक्याच आणि त्यांचा दर वेगळा. आम्हाला साधी खोली मिळाली, भिंतीवर समुद्राचं चित्र लावलेलं. माझा धाकटा जिन्यात बसून रडला. खोली कुठल्या प्रकारची, हे आम्ही पैसे भरताना विचारलंच नव्हतं.

अशांना थीम हॉटेल म्हणतात, म्हणजे एक कल्पना धरून सगळी सजावट करायची. कुठे जंगल, कुठे राजवाडा. लोणावळ्याजवळ कुणेगावच्या डेला रिसॉर्टमध्ये लष्करी छावणीसारखे तंबू आहेत. काही ठिकाणी तर ‘गावरान’ थीम असते, कंदील, बैलगाडी, चूल. आपण जिच्यापुढे डोळे चोळत बसतो ती चूल बघायला पैसे मोजायचे! असो. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडलं आणि त्याच वर्षी शेजारी हॉटेलही. दिवसभर खेळा, रात्री इथेच झोपा, असा तो हिशोब. आपल्याजवळ खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका २०१३ पासून आहे, आणि तिथेही लागूनच हॉटेल आहे.

म्हणून आधी फोन करा. दर खोलीचा की माणशी? त्यात कर, जेवण, जादा गादी धरली आहे का? पार्कचं तिकीट खोलीच्या भाड्यात असतंच असं नाही, तेही विचारा. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, खोलीच्या नावासकट. खोली बहुतेक ठिकाणी दुपारनंतरच ताब्यात देतात, तेव्हा सकाळी पोचलात तर पिशव्या कुठे ठेवायच्या ते ठरवा. मोठ्या पाळण्यांवर मुलांचं वय नाही, उंची बघतात. घरीच मोजून न्या, म्हणजे रांगेत हिरमोड होत नाही. आणि पाण्यात साडी किंवा सुती ड्रेस सहसा चालत नाही, नायलॉनचे कपडे लागतात. तिथे भाड्याने घेण्यापेक्षा कल्याणच्या बाजारातून घेतलेले बरे.

मुक्काम हवाच का, याचाही विचार करा. आंबिवलीहून कल्याण, तिथून खोपोली लोकल, पुढे रिक्षा. दिवसात जाऊन येता येतं. थेट लोकल कमी आहेत, नाहीतर कर्जतला बदलायची. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

तरी खरं सांगू? त्या साध्या खोलीत सकाळी सात वाजता माझ्या सासूबाईंच्या हातात आयता चहा आला. त्या कप धरून बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. यंदाची भिशी आम्ही पुन्हा सुरू केली आहे. खोलीचं नाव विचारायचं काम माझ्याकडे आहे.